आटे

वीस वर्षांची गाडी, दोन सीटांची, फायबरच्या अंगाची.
चारही शॉकप गेलेत. बॉनेट दाबून सोडलं
की तीनदा मान हलवते.
एकदाच हलवायला हवी.

इनास म्हणाला, बदल. मी म्हणालो, बदलतो,
आणि पावणेदोन महिने नुसता हिशोब केला
वीज खात्याच्या जुन्या रीडिंग-वहीच्या पाठकोऱ्या पानांवर.

सोनेरी रंगाचा संच, बत्तीस खटक्यांचा:
दीड लाख, वर कस्टमवाल्यांची मर्जी.
एवढ्यात तर गाडीच आली होती.
बंगळुरूच्या एका पोराचा वापरलेला, निम्म्या किमतीत,
फोटोत मागच्या डाव्याला तेलाचा ओघळ.
"धूळ आहे हो अंकल."
धूळ ओघळत नाही रे बाबा.
आणि इनासचा चुलतभाऊ जुझे,
गॅस कटरने स्प्रिंगची दीड वेटोळी उडवून देणारा,
फुकट, दोन बियरवर.
इनासने त्याच्याकडे पाहिलं,
चप्पल लहान पडते म्हणून टाच कापायला सांगितल्यासारखं.

शेवटी कोईमतूर. अडतीस हजार.
माझ्याच जुन्या शॉकपवर आट्यांची नळी,
आत नवं काडतूस, स्प्रिंग मागू तशी वळून.
फोनवरच्या माणसाचं हिंदी माझ्याहून वाईट,
त्यामुळे आम्ही आकड्यांतच बोललो.
पुढे चार, मागे साडेतीन:
एक मिलिमीटर दबायला इतके किलो लागावेत.
पाच मागितले असते. पण होंड्याच्या रस्त्यावर
खनिजाच्या ट्रकांनी जे लिहून ठेवलंय
ते पाचात दातांनी वाचावं लागतं.

खोकं आलं. रंग साधा काळा,
आट्यांना अजून कापणीचं तेल.
रात्री एक नळी मांडीवर घेऊन
कडी फिरवत बसलो:
एक फेरा, दीड मिलिमीटर. एक फेरा, दीड मिलिमीटर.
इतक्या बारीक मापाने
माझं आजवर काही बदललं नव्हतं.

किती खाली आणायची?
जुझे म्हणे, चाकावर दोन बोटं, बस्स.
इनास मला शाळेपुढच्या गतिरोधकाकडे घेऊन गेला,
गुडघ्यांवर बसून त्याची उंची पट्टीने मोजली.
"हें पंचायत थारायता," म्हणाला, "तूं न्हय."

मग म्हाळू गांवसाचा काटा.
हंगाम सरत आलेला, काजूची पोती थोडी,
म्हणून दुपारभर मिळाला.
एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली
त्याच उंचीच्या फणसाच्या फळ्या,
मग पुढचं चाक, मग त्याच्या पुढचं.
मी आत, एकाहत्तर किलो, हलायचं नाही.

इनासने खिडकीतून विचारलं,
"बाजूच्या सिटीर कितलें वजन धरूं?"

ती सीट. तिच्यावर छत्री असते, टेस्टर असतो,
कधी शहाळं.
शून्य म्हणालो असतो तर खरं होतं.
म्हाळू दाभणाने पोतं शिवत होता, तो थांबला.

"बावन्न," मी म्हणालो.

कुणाचे, ते इनासने विचारलं नाही.
बरोबर बावन्न किलो बिया भरल्या,
पोतं सीटवर बसवलं,
आणि त्याला पट्टा लावला.

पुढे डावा दोनशे चौदा, उजवा दोनशे सव्वीस.
मागे एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे नऊ.
कडी अर्धा फेरा वर, पाव फेरा खाली, पुन्हा काटा,
तेव्हा कुठे कर्ण जुळले:
चारशे तेवीस, चारशे चोवीस.
"एक किलो उरता," इनास म्हणाला, "तो देवाक."

पोतं परत केलं.
संध्याकाळी चोर्ल्याचा घाट एकटाच चढलो.
गाडी आता एकदाच मान हलवते.
आत काजूचा वास,
आणि काही वळणांवर, अगदी किंचित,
डावी बाजू हलकी लागते.

स्पॅनर डिकीत आहे.
अर्ध्या फेऱ्याचं काम.
अजून केलेलं नाही.